अकरावा बांध

मला गणित येत नव्हतं. हे एवढं वाक्य कागदावर उतरवायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि त्यातली बरीचशी वर्षं मी गणितच शिकवत होते.

डी.एड. होऊन नवी मुंबईतल्या एका प्राथमिक शाळेत लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मराठी शिकवावं, पोरांची गाणी बसवावीत, एवढीच माझी हौस. पण चौथीच्या शिष्यवृत्तीचा वर्ग घेणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांनी तो वर्ग माझ्या गळ्यात मारला. "तरुण आहात, उत्साही आहात," म्हणाले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते सांगण्यापेक्षा वर्ग घेतलेला परवडला, असा मी विचार केला.

कारण जुनं होतं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात सातवीच्या गुरुजींनी मला एका अपूर्णांकाच्या गणितासाठी अख्खा तास फळ्यापाशी उभं केलं होतं. हातात खडू, वर्गाकडे पाठ. शेवटी म्हणाले, "बस खाली. तुला भाकरीच थापायच्यात." वर्ग हसला, लाजेनं मीही हसले, आणि तेव्हापासून गणिताचं पुस्तक उघडलं की माझ्या मानेवर घाम यायचा. दहावीला काठावर निघाले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणून मी चोरून तयारी करायचे. उद्याची गणितं आज संध्याकाळी गाइडमधून सोडवायची, उत्तरं पुस्तकाच्या समासात बारीक पेन्सिलीनं लिहून ठेवायची आणि वर्गात जणू आत्ता सुचलं अशा थाटात फळ्यावर मांडायची. पोरांना वाटायचं, बाई फार हुशार. वासरांत लंगडी गाय शहाणी.

आम्ही राहायचो जुईनगर स्टेशनापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर, खाडीकाठच्या एका जुन्या गावात. नवरा रबाळ्याला कारखान्यात होता. सोसायटीतला फ्लॅट आमच्या आवाक्यातला नव्हता. गावकऱ्यांच्या जमिनी नव्या शहरात गेल्या होत्या आणि राहिलेल्या जागेवर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. आमचे घरमालक सत्तरीचे होते, सगळं गाव त्यांना बाबा म्हणायचं. उमेदीची चाळीस वर्षं त्यांनी मिठागरात काढली होती. त्यांची नात माझ्याच वर्गात चौथीला होती. तिचे आईवडील सकाळीच कामावर जायचे, त्यामुळे पोर आजोबांच्या ताब्यात. त्यांचं घर आणि आमच्या दोन खोल्या यांच्यापुढे एकच लांब ओटा होता.

ही पोर बारीक, काळीसावळी, सतत नखं कुरतडणारी. पण आकड्यांत तिचं डोकं असं चालायचं की मी फळ्यावर मांडणी पुरी करायच्या आत ती उत्तर सांगून मोकळी. खरं सांगते, मला तिची धास्ती वाटायची. माझ्या समासातल्या उत्तराशी तिचं उत्तर जुळलं की गाइडात छपाईची चूक नाही, याची मला खात्री पटायची. तिचं कौतुक मात्र मी कधी केलं नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी शाळेतून बाराच मुलं निवडायची होती, आणि मला वाटायचं, हिचं नाव तर धरलेलंच आहे.

एक दिवस मुख्याध्यापक फेरीवर असताना वर्गाच्या दारात थांबले. हातात जुनी प्रश्नपत्रिका होती. "बाई, यातलं एखादं करून घ्या बरं. बघू, पोरं कुठवर आलीत." माझी तयारी त्यातल्या कशाचीच नव्हती. मी पहिलंच सोपं दिसलेलं गणित उचललं. शंभर मीटर रस्त्याच्या एका बाजूला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दर दहा मीटरवर एक दिवा लावायचा आहे, तर किती दिवे लागतील? मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, फळ्यावर शंभर भागिले दहा मांडलं आणि झोकात लिहिलं, दहा. दारातून मुख्याध्यापक म्हणाले, "छान."

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून ती उठली.

"बाई, अकरा."

"शंभराला दहानं भागलं की किती?"

"दहा."

"मग?"

"पन दिवं अकरा लागतान."

पोरं हसली. मुख्याध्यापक अजून दारातच होते. माझ्या मानेवर तो जुना घाम आला. "कुठून आणलेस हे अकरा?"

"मिठागरान दहा वाफं असतील तं बांध अकरा लागतान. कडंचा पन धरायला लागतो. आजोबा सांगतान."

मी जे बोलले ते अजून शब्दन् शब्द आठवतं. "हे मिठागर नाही, गणिताचा तास आहे. बस खाली." पट्टीही टेबलावर आपटली. वर्ग खदखदला. मुख्याध्यापक हसत पुढच्या वर्गाकडे गेले. ती बसली आणि वहीतले अकरा खोडून तिनं दहा लिहिले.

मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव 'मिठागर' पडलेलं होतं. मी शिक्षकांच्या खोलीत डबा उघडायच्या आधी प्रश्नपत्रिकेच्या मागची उत्तरं काढली. अकरा. मी ते तीनदा वाचलं. मग चौकटीच्या कागदावर रेघ ओढून बोटानं दिवे मोजले. पहिला शून्यावर, शेवटचा शंभरावर. अकरा. डबा तसाच बंद केला.

सुट्टी संपल्यावर वर्गात जाऊन सांगायचं, एवढंच तर होतं. "मुलांनो, मी चुकले." पण मुख्याध्यापकांनी छान म्हटलं होतं, म्हणजे तेही चुकले होते. एक आकडा सुधारला की मग पोरं दुसरा तपासतील, पालक तिसरा, आणि बाईंना गणित येत नाही हे गावभर होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या सांगू, असं मी स्वतःला म्हणाले. या 'उद्या'ची मला आजही चीड येते.

त्याच संध्याकाळी मी दाराच्या पडद्याआड तांदूळ निवडत बसले होते. ओट्यावर बाबा होते आणि ती त्यांच्या पायाशी वही घेऊन.

"आजोबा, दहा वाफ्यांना बांध किती?"

"अकरा." उत्तर यायला क्षणही लागला नाही.

"बाई दहा बोलल्या."

तांदळात माझी बोटं थांबली. बाबा खाकरले. मला वाटलं, आता म्हातारा मला शिव्या घालणार, आणि खरं तर घालाव्यात, म्हणजे गोष्ट एकदाची उघडी पडेल, असंही वाटलं.

"मंग दहाच," बाबा म्हणाले.

"पन तुमीच तं..."

"बाई शिकलेल्या हायत. आपन अडानी मानसां. बांधाचा येगला, शालेचा येगला. बाई सांगतान ता लिव."

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मी पडदा सरकवून बाहेर जाऊ शकले असते. चार पावलं होती. मी तांदूळ निवडून संपवले आणि भात टाकला.

त्यानंतरचे दिवस मी रोज तिच्याकडे चोरून बघायचे. आता ती उत्तर आधी सांगत नव्हती. मी विचारलं तर आधी माझा चेहरा बघायची, मग शेजारणीची वही, मग हळू आवाजात काहीतरी सांगायची आणि शेवट प्रश्नासारखा उंच न्यायची. "बेचाळीस...?" मी मान हलवली की सुटल्यासारखी बसायची. एकदा मी दुसरीकडे बघत होते, तर ती तोंड उघडं ठेवून तशीच थांबली. मला ओरडावंसं वाटलं की बघू नकोस गं माझ्याकडे, माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नसतं.

मग चाचणी झाली. याच चाचणीवरून बारा मुलं ठरायची होती आणि शनिवारी यादी द्यायची होती. पेपर मी घरीच तपासले. तिचा पेपर हातात आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा तिचा नाहीच. वीसपैकी नऊ. मी एकेक गणित पुन्हा पाहिलं. चारशे तीनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा; तिनं लिहिलं होतं दोनशे पस्तीस. पण आकडा मळका होता. पेपर खिडकीपाशी उजेडात तिरका धरला, तर खोडलेल्या जागी पेन्सिलीचा वळ दिसत होता. दोनशे पंचवीस. बरोबर. पुढचं गणित, बारा गुणिले पंधरा. वर एकशे सत्तर, खाली खोडलेले एकशे ऐंशी. त्याच्या पुढचंही तसंच. अकरा गणितं तिनं आधी बरोबर सोडवली होती आणि मग खोडून चुकीची केली होती. एका ठिकाणी तर इतकं खोडलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. शेजारणीचा पेपर काढला, तर त्याच चुका, त्याच आकड्यांनी. ती शेजारीण शिकवणीला जाणारी, टापटीप पोर. हिनं स्वतःचं खरं टाकून तिचं खोटं उचललं होतं.

तो पेपर मांडीवर घेऊन मी रडले. माझ्या गुरुजींवर मी बारा वर्षं दात खाल्ले होते, आणि इथे मी नेमकं तेच केलं होतं. त्यांनी निदान खरं उत्तर न आलेल्या मुलीला बसवलं होतं. मी आलेल्या मुलीला बसवलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी प्रश्नपत्रिका मागवली, बोटांवर दिवे मोजले, मग चष्मा काढून पुसला. "अहो, एका दिव्याचं काय टेन्शन घेऊन बसलात? वर्गासमोर चूक कबूल केलीत की वर्ग हातातून गेला म्हणून समजा. नऊ मार्कांची मुलगी यादीत कशी घालणार? बाकीचे पालक येऊन मला विचारतील."

"मी उत्तर देईन त्यांना," मी म्हणाले.

"बघा बुवा. तुमची जबाबदारी."

शुक्रवारी पहिल्याच तासाला मी फळ्यावर तेच गणित लिहिलं. रस्ता काढला, दिवे काढले. खडू हातात घामेजला होता. "मुलांनो, त्या दिवशी मी दहा सांगितलं. ते चूक होतं. अकरा बरोबर. वर्गात एकीनंच बरोबर सांगितलं होतं आणि मी तिला खाली बसवलं. मी चुकले." मग सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. मला वाटलं होतं ती हसेल, निदान मान वर करेल. ती वहीकडे बघत म्हणाली, "पन आजोबा पन दहाच बोलले."

तिच्या लेखी दहाच्या बाजूला दोन मोठी माणसं होती, अकराच्या बाजूला बाईंचं एका सकाळचं बोलणं. बाई काय, उद्या पुन्हा बदलतील. पोरांनी वह्यांत अकरा लिहून घेतले. तिनंही लिहिले, सांगितलं म्हणून.

संध्याकाळी मी पेपर घेऊन ओट्यावर गेले. बाबा जाळं शिवत बसले होते. मिठागर सुटल्यावर हात रिकामे राहत नाहीत म्हणून शेजाऱ्यांची जाळी नीट करून द्यायचे.

"बाबा, त्या दिवशी दहा वाफ्यांचं तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. मी चुकले होते."

त्यांनी मान वर केली नाही. "मला ठाऊक व्हता, बाई."

मला वाटलं होतं की शिकलेल्या बाईपुढे म्हातारा गोंधळला असेल. "मग तिला दहा का सांगितलंत?"

"चालीस वरसां बांध घातलं मी. कडंचा बांध नाय घातला तं खाडीचा पानी आत शिरतं, मीठ पिकत नाय. मला काय दहा-अकरा कलत नाय?" सुतळी दातानं तोडून ते पुढे म्हणाले, "पन पोरीला तुमच्याकडं शिकायचा हाय. बाई चुकतान असा तिच्या डोक्यान बसला तं ती तुमचा काय ऐकंल? आमी शालंत गेलो नाय, म्हनून मिठागरान गेलो. तिचा तुमच्यावर इस्वास पायजे."

"माझ्यावर आहे, बाबा. स्वतःवर राहिला नाही."

मी पेपर त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नव्हतं. मी एकेक जागा दाखवली. इथं बरोबर होतं, इथं खोडलं. इथं बरोबर होतं, इथं खोडलं. भोक पडलेल्या जागी त्यांचा अंगठा बराच वेळ थांबला. त्या अंगठ्याची कातडी मिठानं पांढरी पडून तडकलेली होती.

"ऱ्हाऊ द्या आता," ते पुटपुटले. "होईल पोर बरोबर."

"नाही होणार, बाबा. माझं नाही झालं." एवढंच मला बोलता आलं, आणि माझं म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत हाक मारली.

ती दारात येऊन उभी राहिली. बाबांनी जाळं बाजूला ठेवलं. "त्या दिशी मी दहा बोललो ना, ता खोटा व्हता. अकराच."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमाला ठाऊक व्हता?"

"व्हता."

"आनि बाईंना?"

"मला त्याच दिवशी दुपारी कळलं होतं," मी म्हणाले.

"त्याच दिशी?" ती बोटांवर दिवस मोजायला लागली. "म्हंजे वीस दिस तुमी दोघा पन खोटा बोललाव."

बाबांनी बाजूला ठेवलेलं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. मी पेपरची घडी घातली.

"मीच एकटी खरा बोलत व्हते," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता, नुसता संताप होता. आत गेली आणि दार असं आपटलं की ओट्यावरची बादली हलली. मला त्या आपटण्याचा राग आला नाही. उलट वाटलं, आपट, अजून एकदा आपट.

शनिवारी यादीत तिचं नाव मी तेरावं घातलं. मुख्याध्यापकांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि सही केली. तिनं मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. ओट्यावरून जाताना मान दुसरीकडे. वर्गात विचारलं तर उभी राहायची आणि गप्प. सोमवार गेला, मंगळवार गेला. उशीर झाला, असं मला वाटायला लागलं. मूल एकदा मिटलं की बाईंच्या सॉरीनं उघडत नाही, हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? बाबा येताजाता डोळ्यांनी विचारायचे. मी नकारार्थी मान हलवायचे.

बुधवारी शाळा सुटल्यावर शिष्यवृत्तीचा जादा तास होता. तेरा पोरं, अर्धा वर्ग रिकामा. मी छत्तीस गुणिले पंचवीस मांडत होते. आता मी समासात उत्तरं लिहून आणत नव्हते, त्यामुळे सावकाश, एकेक हातचा तोंडानं म्हणत. नऊशे लिहिले आणि खाली रेघ मारली.

"बाई, चुकलं."

मी वळले. ती उभी होती, हात बाकावर टेकलेले, नजर थेट फळ्यावर. माझ्या चेहऱ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. पुन्हा? मुख्याध्यापक आज दारात नव्हते, पण बारा पोरं होती.

"कुठं चुकलं? ये, दाखव."

ती फळ्याशी आली. मी खडू तिच्या हातात दिला आणि बाजूला झाले. तिनं माझं गणित पुसलं नाही, शेजारी पुन्हा मांडलं. पाच सक तीस, शून्याला शून्य, तीन हातचा. पुटपुटत खाली आली. मध्ये एकदा थांबली, डोकं खाजवलं, एक आकडा पुसून दुरुस्त केला. शेवटी बेरीज केली. नऊशे.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मी त्या पोराकडे बघायच्या आत तिनंच वळून पाहिलं, निवांत. मग दोन्ही गणितं वरपासून खालपर्यंत एकदा ताडून बघितली.

"हां. बरोबर हाय तुमचा," ती म्हणाली, खडू माझ्या हातात परत दिला, फ्रॉकला हात पुसले आणि जागेवर जाऊन पुढचं गणित उतरवून घ्यायला लागली. फळ्यापाशी उभं राहून, सगळ्यांच्या देखत, इतकं निर्धास्त चुकलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.